पुन्हा पाच मीटरवरून

हमीद सरांची आणि माझी ओळख माझ्या मुलीमुळे झाली, आणि माझी मुलगी त्यांच्या वर्गातून पळाली म्हणून ती ओळख वाढली.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. शारजात आम्ही राहतो त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एक साधा छापील कागद चिकटवलेला होता. 'तिरंदाजी शिका. सुट्टीच्या दिवशी सकाळी. वयाची अट नाही.' माझी सानिका तेव्हा अकरा वर्षांची होती आणि शाळेतून आली की सोफ्यावर आडवी होऊन टॅबलेटमध्ये डोके घालायची. तिला उठवून मी त्या पत्त्यावर घेऊन गेले.

एका मोठ्या औद्योगिक शेडचा अर्धा भाग भाड्याने घेऊन तिथे हॉल केलेला होता. एका टोकाला फोमच्या जाड गाद्या स्टँडवर उभ्या केलेल्या, दुसऱ्या टोकाला जमिनीवर एक पांढरी रेघ, आणि रेघेच्या मागे इस्त्रीचा शर्ट पँटमध्ये नीट खोचलेले एक गृहस्थ. इथल्या सवयीप्रमाणे मी इंग्रजीत सुरुवात केली. त्यांनी माझे आडनाव विचारले आणि रत्नागिरी वळणाच्या मराठीत म्हणाले, "बसा ताई. मुलीचं बघू आपण. पण तुम्ही का नाही करत?"

मला हसू आले. "मी? सर, मला बेचाळीस पूर्ण झालीत."

"मग? कागदावर लिहिलंय ना, वयाची अट नाही म्हणून? मीच लिहिलंय ते."

सानिका तीन आठवडे आली. चौथ्या आठवड्यात गाडीत बसायलाच तयार नाही. "मम्मा, इट्स सो बोअरिंग! ही डझन्ट इव्हन लेट अस शूट." तिचे खरे होते. पहिले दोन आठवडे सरांनी मुलांच्या हातात धनुष्य दिलेच नव्हते. रबराचा एक पट्टा ताणायचा, धरून ठेवायचा आणि हळूच सोडायचा, एवढेच. मुलगी येणार नाही हे सांगायला मी एकटीच हॉलवर गेले. सरांनी ऐकून घेतले, रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्ही आल्यापासून तीनदा खांदा चोळलात. काम काय करता?"

मी दुबईत एका इंजिनिअरिंग कन्सल्टन्सीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. दिवसाचे नऊ तास स्क्रीनसमोर आणि अडीच तास शारजा-दुबईच्या ट्रॅफिकमध्ये. सरांनी तो रबराचा पट्टा माझ्या हातात दिला. "आल्यासारख्या दहा वेळा ओढून जा. आवडलं नाही तर खलास, पुन्हा बोलावणार नाही."

त्यानंतर त्यांना बोलवावे लागलेच नाही.

अब्दुल हमीद सोलकर हे त्यांचे पूर्ण नाव. गाव रत्नागिरीजवळचे, खाडीच्या काठचे. ऐन पंचविशीत ते आखातात आले ते थेट रुवैसला, रिफायनरीच्या एका कंत्राटदाराकडे. आजूबाजूला वाळवंट, राहायला कॅम्प, आणि सुट्टीचा दिवस कसा घालवायचा हाच प्रश्न. तिथल्या एका कोरियन सहकाऱ्याने कॅम्पमागच्या मोकळ्या जागेत मातीचा ढिगारा करून त्यावर लक्ष्य लावले होते. सर रोज ते पाहत. एके दिवशी धीर करून त्यांनी खुणेनेच विचारले, मला शिकवाल का? त्या माणसाने त्यांना महिनाभर फक्त उभे राहायला शिकवले. पाय कुठे, कंबर कशी, हनुवटी कशी. सर सांगतात, "त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला कोरियन येत नव्हतं. त्यामुळे फुकटची चर्चा झाली नाही. तो हाताने माझं कोपर वर करायचा, आणि मी ते वर ठेवायचो."

पुढे सर शारजाला आले. हमरिया फ्री झोनमधल्या पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत गेली बावीस वर्षे ते गुणवत्ता तपासनीस आहेत. पाइपाच्या सांध्यात केसाएवढी फट असली तरी त्यांच्या नजरेतून सुटत नाही, असे त्यांचे सहकारी सांगतात. आम्हा विद्यार्थ्यांना ते सांगायची गरज नाही. आमच्या पायाच्या अंगठ्याची दिशा इंचभर चुकली तरी हॉलच्या दुसऱ्या टोकाहून हाक येते.

त्यांची शिकवण्याची पद्धत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे लिहिते. नवा माणूस आला की सर आधी त्याचा कोणता डोळा पुढाकार घेतो ते बघतात. दोन्ही हातांच्या बोटांचा त्रिकोण करून त्यातून समोरची वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला ती वस्तू जागेवर दिसते तो नेमाचा डोळा, आणि त्याच बाजूच्या हाताने दोरी ओढायची. मग पट्टा. मग अगदी हलके धनुष्य. आणि मग सहा आठवडे पाच मीटरवरून कोऱ्या गादीवर बाण सोडायचे. रंगीत वर्तुळांचा कागद लावायचा नाही.

मी एकदा कुरकुर केली. "सर, समोर काही नाहीच, तर नेम कशावर धरू?"

"नेम धरायचाच नाही. कागद लावला की माणूस कागदाकडे बघत बसतो आणि हाताकडे दुर्लक्ष करतो. तुमचा बाण कसा सुटला ते मला न बघता सांगा. ते जमलं की कागद लावू."

त्याच काळात मी इंटरनेटवर एक चकचकीत संपूर्ण किट पाहून ठेवले होते. तीन हजार दिरहम, म्हणजे जवळजवळ सत्तर हजार रुपये, असा हिशेब मी सरांसमोर मोठ्याने केला. त्यांनी दोन्ही हात वर केले. "नको, नको! आत्ता घ्याल ते सहा महिन्यांत हलकं पडेल. क्लबचं वापरा. हात तयार झाला की मी स्वतः तुमच्याबरोबर दुकानात येईन." आणि ते आले. दुकानदाराने दाखवलेली महागडी वस्तू बाजूला ठेवून त्यांनी मला मधल्या किमतीचे धनुष्य निवडून दिले. तेच मी आजही वापरते.

वर्षभराने सरांनी माझे नाव एका खुल्या इनडोअर स्पर्धेत घातले. मला विचारले नाही, फक्त कळवले. मी आठवडाभर नीट जेवले नाही. स्पर्धा म्हणजे अठरा मीटरवरून साठ बाण, एका फेरीत तीन. दोन शिट्ट्या झाल्या की रेघेवर जायचे, एक झाली की सुरू, तीन झाल्या की धनुष्य खाली ठेवून गुण मोजायला पुढे. हे सगळे सरांनी इतके घोटवून घेतले होते की शिट्ट्यांना मी चुकले नाही. चुकले ते भलत्याच ठिकाणी. पाचव्या फेरीत माझे तिन्ही बाण इतके सुरेख सुटले की मला स्वतःलाच आश्चर्य वाटले. गुण मोजायला गेलो, तर माझा कागद कोरा! तिन्ही बाण शेजारच्या फिलिपिनो नर्सच्या कागदावर, पिवळ्या वर्तुळात, एकमेकांना चिकटून. नियमाप्रमाणे माझ्या नावावर तीन शून्ये.

मी तोंड पाडून परत आले. सर मात्र दुर्बीण डोळ्याला लावून त्या कागदाकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा खुलला होता. "ताई, आजच्या दिवसातली तुमची सगळ्यात उत्तम फेरी ही! बाण अगदी बरोबर गेले, फक्त पत्ता चुकला. यल्ला, चला, अजून पंधरा फेऱ्या आहेत." मी हसत हसत रेघेवर गेले. त्या दिवशी माझा नंबर शेवटून तिसरा होता, आणि घरी जाताना मी गाडीत गाणे म्हणत होते, असे त्या दिवशी बरोबर आलेली सानिका आजही सगळ्यांना सांगते.

सर हसरे आहेत, पण रेघेवरच्या शिस्तीत ते कुणाचे नसतात. त्यांच्या कंपनीतले एक वरिष्ठ मॅनेजर हौसेने शिकायला येऊ लागले होते. सरांची बढती, रजा, सगळे ज्यांच्या सहीवर अवलंबून, असे हे गृहस्थ. एकदा तीन शिट्ट्या झाल्यावर आम्ही पुढे निघणार, तेवढ्यात त्यांनी हातात राहिलेला एक बाण सोडून दिला. कुणी पुढे गेलेले नव्हते, कुणाला काही झाले नाही. सरांनी सगळ्यांना जागच्या जागी थांबवले, त्यांच्यापाशी गेले, त्यांच्या हातून धनुष्य काढून घेतले आणि सौम्य आवाजात इंग्रजीत म्हणाले, "आजचं तुमचं झालं, साहेब. पुढच्या आठवड्यात या." साहेब लालबुंद होऊन निघून गेले. आम्हा सगळ्यांना काळजी. मी विचारले, "सर, उद्या ऑफिसात काय होईल?"

"जे व्हायचं ते होईल. पण इथे कुणाच्या मुलाच्या पाठीत बाण गेला, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

पुढच्या आठवड्यात साहेब आले. सगळ्यांसमोर "सॉरी" म्हणाले आणि रेघेवर उभे राहिले.

तीन वर्षांपूर्वी कोल्हापूरला माझी आई अचानक वारली. माझे यजमान रुवैसला असतात, त्यांच्या प्लान्टचे शटडाउन चालू होते, त्यांना लगेच निघता येणे शक्य नव्हते. सानिकाची शाळेची परीक्षा सुरू होती. मी विमानतळावर जायला निघाले होते आणि मुलीला कुठे ठेवायचे ते सुचत नव्हते. सरांना मी फक्त एवढेच कळवले होते की आई गेली, या आठवड्यात येणार नाही. तासाभरात सर आणि त्यांच्या पत्नी नसीमाभाभी दारात. भाभी सरळ आत गेल्या आणि सानिकाची बॅग भरू लागल्या. "मुलीची काळजी नको. आमच्याकडे राहील. हे तिला शाळेत सोडतील, आणतील. तुम्ही कोल्हापूरला जा."

नऊ दिवस सानिका त्यांच्याकडे राहिली. आमच्या घरी मांसाहार नाही, हे भाभींना माहीत होते. नऊ दिवस त्यांच्या घरात मासळी शिजली नाही. हे मला त्यांनी कधी सांगितले नाही. सानिकाने सांगितले, तेही सहज, घावणांची तारीफ करता करता. "आंटी सेड अंकल वॉज मिसिंग हिज फिश, बट ही सेड नो, लेट हर फिनिश हर एक्झाम्स." मी फोन करून भाभींना म्हटले, अहो, एवढे कशाला? त्या म्हणाल्या, "नऊ दिवसांत मासे काही समुद्र सोडून जात नाहीत."

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येते.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये, सकाळच्या वर्गात, सर आम्हाला नेम दाखवत असताना मधेच थांबले. धनुष्य खाली केले, उजवा डोळा चोळला, पुन्हा उचलले, पुन्हा खाली केले. त्यांच्या डोळ्यात कोपऱ्यातून काळी सावली सरकत येत होती, हे आम्हाला नंतर कळले. आम्हाला काही न सांगता त्यांनी वर्ग अर्ध्यावर संपवला. सर वर्ग अर्ध्यावर संपवतात यातच आम्हाला काय ते कळले. मी गाडी काढली आणि त्यांना हॉस्पिटलमध्ये नेले. उजव्या डोळ्याचा आतला पडदा, रेटिना, सुटला होता. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झाले.

डोळा वाचला, पण पूर्वीसारखा राहिला नाही. सरळ रेघ त्यांना त्या डोळ्याने नागमोडी दिसते. वर्तुळ एका कडेला चेपलेले दिसते. सरांचा नेमाचा डोळा तोच होता. पन्नाशीवरच्या गटात दर वर्षी पहिल्या तिघांत येणारा हा माणूस, त्याला आता समोरचे पिवळे वर्तुळ गोल दिसत नव्हते. शिवाय डॉक्टरांनी सहा महिने काहीही ओढायला, उचलायला मनाई केली.

वर्ग आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी चालू ठेवला. सर तीन महिन्यांनी आले आणि खुर्चीवर बसले. शिकवणे तेच, हाकाही त्याच. पण पूर्वी वर्ग संपला की सगळे निघून गेल्यावर ते स्वतः तासभर बाण सोडत, ते बंद झाले. एकदा भाभींनी मला फोन केला. "वृंदाताई, यांनी धनुष्य पेटीत घालून कपाटाच्या वर ठेवलंय. मी विचारलं तर म्हणतात, शिकवायला हात लागत नाहीत, तोंड पुरतं. पण घरात तोंडही उघडत नाहीत हो. जेवतात आणि बाल्कनीत बसतात."

ज्यांनी मला उभे राहायला शिकवले, त्यांना काय सांगायचे ते मला सुचले नाही. मी गप्प राहिले, याची मला आजही थोडी लाज वाटते.

मार्ग निघाला तो एका नव्या विद्यार्थ्यामुळे. बँकेत काम करणारे एक मल्याळी गृहस्थ आले, ते डावखुरे. नेमाचा डोळाही डावा. सरांची सहा महिन्यांची मुदत तेव्हा संपली होती आणि डॉक्टरांनी हलके ओढायला परवानगी दिली होती. पण सर खुर्चीवरून उठत नव्हते. त्या गृहस्थांना तोंडी सांगून काही केल्या कळेना. शेवटी सर उठले, क्लबचे डाव्या हाताचे हलके धनुष्य घेतले, उजव्या हातात धरले आणि डाव्या हाताने दोरी ओढून दाखवली. ओढली आणि पलीकडच्या गादीवरच्या कागदाकडे बघत तसेच उभे राहिले. मग बाण न लावताच दोरी हलकेच परत आणली आणि स्वतःशीच म्हणाले, "या डोळ्याने गोल दिसतंय."

पुढच्या आठवड्यात मी हॉलवर पोहोचले तर सर अर्धा तास आधीच येऊन उभे होते. हातात रबराचा पट्टा.

"ताई, मला शिकवाल?"

मला वाटले थट्टा करताहेत. "सर, मी? तुम्हाला?"

"मग कोण? मी तुम्हाला जे सांगितलं तेच मला सांगायचं. माझं कोपर मला दिसत नाही. आणि एक सांगतो, सर म्हणून सोडून द्यायचं नाही."

पुढचे कित्येक आठवडे मी आयुष्यातले सगळ्यात अवघड काम केले. ज्यांचा शब्द मी पाच वर्षे झेलला, त्यांना "सर, खांदा वर चढतोय", "सर, दोरी ओरबाडू नका" असे सांगायचे. त्यांचा डावा हात तीस वर्षांत हे काम कधी शिकला नव्हता. बाण वाटेल तसे जात. दोरीचा फटका उजव्या हाताला बसून तिथे अंड्याएवढा निळा डाग उठला. तो त्यांनी बाही सरकवून सगळ्या नव्या विद्यार्थ्यांना दाखवला. "बघा, हात नीट वळवला नाही की असं होतं. मी पण शिकतोय, तुम्ही पण शिका." पाच मीटरवर, कोऱ्या गादीसमोर, त्या बँकवाल्या गृहस्थांच्या आणि दोन शाळकरी मुलींच्या शेजारी आमचे सर रांगेत उभे असत.

तिसऱ्या आठवड्यात मी म्हटले, "सर, तुम्हाला सगळं येतं. कागद लावूया का?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी पुन्हा तो विषय काढला नाही. सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे.

उन्हाळा गेला, हिवाळा आला, आणि एक दिवस सरांनी सांगितले की जानेवारीच्या खुल्या स्पर्धेत त्यांनी नाव दिले आहे. माझे आणि स्वतःचे. मी घाबरले. त्या स्पर्धेत सरांना सगळे ओळखतात. त्यांच्या गटातले जुने प्रतिस्पर्धी, पंच, सगळेच. "सर, एक वर्ष थांबा ना. लोक बघतील. तुमचा नंबर..."

"शेवटचा येईल. येऊ दे. कुणाचा तरी येतोच ना? तुम्ही पण पहिल्या वर्षी मागेच होतात, मी तुम्हाला घरी बसवलं का?" मग आवाज उतरवून म्हणाले, "मला नंबर नकोय ताई. मला साठच्या साठ बाण कागदावर हवेत. एकही बाहेर नको. तेवढं जमलं तर मी परत तिरंदाज झालो असं समजेन. हे कुणाला सांगू नका."

मी सांगितले नाही.

स्पर्धेच्या दिवशी नसीमाभाभी आल्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. योगायोगाने सरांचे आणि माझे लक्ष्य एकाच गादीवर लागले होते, मी पहिल्या तुकडीत आणि सर दुसऱ्या. म्हणजे ते बाण सोडत असताना मी मागे उभी राहून बघू शकत होते, आणि गुण मोजायला आम्ही एकत्र जाणार होतो.

पहिल्या फेरीत त्यांचे बाण विखुरले. सहा, चार आणि एक. तो एकवाला बाण कागदाच्या अगदी काठावर. मागच्या बाकावर दोघे कुजबुजले. सर परत आले, बाण पुसले, पाणी प्यायले. दुसऱ्या फेरीपासून बाण हळूहळू आत येऊ लागले. मधल्या एका फेरीत त्यांचा एक बाण आठ आणि नऊच्या रेघेपाशी होता; रेघेला लागला असेल तर नऊ, नाही तर आठ. गुण लिहायचे काम माझ्याकडे होते. मी म्हटले, "सर, नऊ."

त्यांनी वाकून पाहिले. "नाही. रेघ आणि बाण यांच्यामध्ये कागद दिसतोय. आठ लिहा."

"पंचांना बोलावू का?"

"कशाला? मला एका डोळ्याने दिसतंय, तुम्हाला दोन डोळ्यांनी दिसायला काय झालं?"

मी आठ लिहिले.

एकोणीस फेऱ्या झाल्या. सत्तावन्न बाण, सगळे कागदावर. शेवटच्या फेरीचे पहिले दोन सहा आणि सातमध्ये गेले. राहिला एक. तीन बाणांना मिळून दोन मिनिटे असतात आणि समोर घड्याळाचे आकडे उलटे पळत असतात. सरांनी बाण लावला, दोरी ओढली, हनुवटीखाली आणली, आणि सोडली नाही. हळूच परत आणली. घड्याळात पस्तीस सेकंद. पुन्हा ओढली. पुन्हा परत आणली. मी मनात म्हणत होते, सर, सोडा आता, कुठेही जाऊ दे. पंधरा सेकंद. माझ्या शेजारी भाभींनी माझे मनगट धरले होते, आणि त्यांना तर हेही माहीत नव्हते की आपण कशासाठी श्वास रोखला आहे. सरांनी मान एकदा सैल केली, पाय होते तिथेच ठेवले, आणि तिसऱ्यांदा ओढली. चार सेकंद उरले असताना बाण सुटला.

काळ्या वर्तुळात. तीन गुण. पण कागदावर.

साठच्या साठ.

सर रेघेवरून मागे वळले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका तरुण दिसत होता. आणि त्यांचा पहिला प्रश्न काय असावा? "ताई, तुमचे किती झाले?" मी माझ्या गुणांची बेरीजच पाहिली नव्हती. नंतर पाहिली, माझी आजवरची सर्वांत चांगली गुणसंख्या होती ती. सरांचा त्यांच्या गटातल्या अकरा जणांत नववा नंबर आला. पहिला आलेला त्यांचा जुना प्रतिस्पर्धी, एक लेबनीज गृहस्थ, पदक गळ्यात तसेच ठेवून त्यांच्याकडे आला, "हबीबी, डाव्या हाताने!" असे म्हणत त्याने त्यांना मिठी मारली आणि बराच वेळ सोडलेच नाही. भाभींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "झालं ना? मग घरी चला आता. सकाळपासून एक घोट चहावर आहात."

घरी पोहोचल्यावर भाभींचा मेसेज आला. कपाटावरची पेटी सरांनी स्वतः खाली काढली होती. आतले उजव्या हाताचे धनुष्य पुसून त्यांनी क्लबसाठी वेगळे ठेवले, कुणा गरजू विद्यार्थ्याला द्यायला, आणि त्याच्या जागी आता वापरतात ते डाव्या हाताचे ठेवले.

यंदा सर साठ वर्षांचे होत आहेत. कंपनीतली नोकरी या वर्षअखेर संपते आहे, पण त्यांचा मुलगा आणि सून दुबईत असल्यामुळे सर आणि भाभी इथेच राहणार आहेत. ही बातमी कळली तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांनी ज्या वेगाने पेढ्यांची चित्रे पाठवली, त्यावरून आम्ही किती धास्तावलो होतो ते कुणालाही कळले असते. आता आठवड्यातून चार दिवस वर्ग घेण्याचा त्यांचा बेत आहे. एक वर्ग फक्त चाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्यांसाठी. त्याची पहिली यादी भरलीसुद्धा. आणि स्वतः सरांनी या हिवाळ्यात बाहेरच्या मैदानात, लांबच्या अंतरावर उतरायचे ठरवले आहे. तिथे वारा असतो, वाळू उडते, आणि अठरा मीटरवर दिसणारे लक्ष्य तिथून बटणाएवढे दिसते. भाभी रागावल्या. सर म्हणाले, "इन्शाल्ला, जमेल. नाही जमलं तर जवळ येऊ थोडे."

ज्यांनी ज्यांनी सरांच्या हाताखाली पहिला बाण सोडला, त्या सर्वांच्या वतीने मी त्यांना वंदन करते. सरांचा डावा डोळा आणि दोन्ही खांदे पुढची पुष्कळ वर्षे तक्रार न करता त्यांना साथ देवोत. नसीमाभाभींच्या हातचे घावण आणि त्यांचे रागावणे, दोन्ही त्यांच्या वाट्याला रोज येवोत. घरात नातवंडे खेळोत, हॉलवर नवी माणसे येत राहोत. सरांची पंचाहत्तरी आपण सभागृहात खुर्च्या मांडून करू नये अशी माझी इच्छा आहे. ती मैदानात व्हावी, सकाळच्या उन्हात, आणि सत्काराला उशीर व्हावा, कारण सत्कारमूर्तींचे अजून तीन बाण सोडायचे राहिलेले असावेत.